आधी वास ओळखा, मग सोडा शिंपडा

जुलै निम्मा सरला की मुंबई-ठाण्याच्या, रत्नागिरी-पणजीच्या घरांत गालिच्याला वास येऊ लागतो. सतरंजीलाही येतो, आणि दारातल्या पायपुसण्याला तर सगळ्यांच्या आधी. मग घरात एरवीपेक्षा एखादी उदबत्ती जास्त लागते, धुपाटणं कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरतं, नाहीतर बाजारातून सुगंधी फवारा येतो. तास-दोन तास बरे जातात. नंतर गुलाब आणि बुरशी दोघांचा मिळून वास येत राहतो आणि तो आधीच्यापेक्षा नकोसा असतो. सुगंधाने दुर्गंध झाकला जातो, जात नाही. गालिच्यात जे साठलंय ते तिथेच राहतं.

ते घालवण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक वस्तू स्वयंपाकघरात असतात, हेही खरं. पण त्याबद्दलचे सल्ले फार सरसकट दिले जातात. सोडा टाका, व्हिनेगर मारा, लिंबू पिळा, मीठ भुरभुरवा, जणू वास एकच आहे आणि त्याच्यावर काहीही चालतं. यातला जवळजवळ प्रत्येक उपाय कुठल्या तरी एका वासावर चांगला चालतो आणि दुसऱ्यावर अजिबात चालत नाही. काही उपाय तर वास वाढवतात. म्हणून मला वाटतं, डबा उघडण्याआधी गुडघ्यांवर बसून गालिच्याला नाक लावावं. तो वास कसला आहे हे कळलं की निम्मं काम झालं.

वास म्हणजे एखाद्या वस्तूतून उडून आपल्या नाकापर्यंत पोचलेले रेणू. ते टिपण्यासाठी माणसाच्या नाकात सुमारे 400 प्रकारचे गंधग्राही असतात. ही व्यवस्था कशी चालते याचा उलगडा लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991मध्ये केला आणि 2004मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की जो रेणू उडू शकत नाही त्याचा वास येत नाही, मग तो गालिच्यात कितीही असो. बऱ्याच घरगुती उपायांचं मर्म इथेच आहे. उडणाऱ्या रेणूपासून न उडणारा क्षार बनवायचा. आम्लाला अल्क द्यायचं, अल्काला आम्ल द्यायचं.

आपलं नाक मात्र या तपासात लबाडी करतं. रोजच्या वासाला ते सरावतं आणि काही मिनिटांत त्याची दखल घेणं सोडून देतं. त्यामुळे पाहुण्याला दारातच जाणवलेला वास घरच्यांना जाणवत नाही. बाहेर मोकळ्या हवेत पंधरा-वीस मिनिटं फिरून यावं आणि आल्या आल्या गालिच्याचा कोपरा उलटून वास घ्यावा. वरून जास्त येतोय की पाठीकडून? वरून येत असेल तर पाय, सांडलेलं दूध, तेल, मूल किंवा मांजर यांपैकी कुणीतरी जबाबदार आहे. पाठीकडून येत असेल तर फरशीची ओल किंवा गालिच्याचंच रबर. नेमकी जागा सापडत नसेल तर पांढरं फडकं जरासं ओलं करून एकेका भागावर दाबावं आणि फडक्याचा वास घ्यावा. ओलाव्याने दबलेले वास पुन्हा जागे होतात.

सगळ्यांत सोपा म्हणजे आंबूस वास. पायाचा घाम, सांडून वाळलेलं दूध किंवा ताक, लहान बाळाने काढलेली गरळ, हे सगळं या घराण्यातलं. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्वचेवरचे जिवाणू घामातली आणि मृत त्वचेतली द्रव्यं खातात आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्लासारखी छोटी, उडणारी आम्लं तयार होतात. पायमोज्यांचा ओळखीचा वास तो हाच. दुधातल्या स्निग्धांशातून ब्युटिरिक आम्ल सुटतं, जुनं लोणी आणि उलटी या दोन्हींच्या वासात ते असतं. ही आम्लं सौम्य अल्काला भेटली की त्यांचे क्षार बनतात आणि क्षार उडत नाहीत. खायच्या सोड्याची कीर्ती आहे ती इथे, आणि इथे ती रास्त आहे.

पण सोडा कुठला? आपल्या घरांत या नावाने तीन-चार वस्तू असतात. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. पाण्यात त्याचा पीएच 8.3च्या आसपास, म्हणजे अगदी सौम्य. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. त्याचा पीएच 11च्या घरात जातो, हाताची त्वचा सोलवटते आणि लोकर-रेशमाची वाट लागते. पापडखारही तिखट अल्कांच्या जातीतला, तो पापडातच राहू द्यावा. आणि बेकिंग पावडर ही तर वेगळीच गोष्ट. तिच्यात सोड्याबरोबर कोरडं आम्ल आणि कॉर्नफ्लोअर मिसळलेलं असतं. दमट हवेत सोडा आणि आम्ल आपसातच संपतात आणि मागे उरतं पीठ, म्हणजे बुरशीला खाऊ. गालिच्यासाठी फक्त खायचा सोडा.

तो ‘नैसर्गिक’ आहे का, असं कुणी विचारलं तर उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे. आपल्याकडचा पुष्कळसा सोडा गुजरातच्या किनाऱ्यावर मिठापूरच्या कारखान्यात मिठापासून बनतो. टाटा केमिकल्सचा हा उद्योग 1939पासूनचा. पण सोडा निसर्गातही सापडतो आणि त्यासाठी दूर जायला नको. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी खारट आहे तसंच ते अल्कधर्मीही आहे, पीएच 10च्या आसपास. उल्कापाताने बेसाल्टमध्ये पडलेल्या त्या जवळपास 1.8 किलोमीटर रुंदीच्या विवरात पाणी येतं, पण वाहून जायला वाट नाही. उन्हाळ्यात ते आटलं की काठाला सोड्याच्या क्षारांचे थर धरतात. पूर्वी हे थर गोळा करून विकले जात. दल्ला, खुप्पल, पापडी अशी त्यांना प्रतवारीने नावं होती आणि साबण, काच, रंगकाम यांत ते वापरले जात. कारखान्यातला बायकार्बोनेटचा रेणू आणि लोणारच्या पाण्यातला रेणू यांत फरक नाही. म्हणून वस्तू नैसर्गिक आहे की नाही यापेक्षा ती काय करते आणि घरातल्या रांगत्या बाळाला तिच्यापासून काही होणार नाही ना, हे विचारलेलं बरं.

शिंपडण्याची रीतही महत्त्वाची. आधी गालिचा झटकून किंवा झाडून घ्यावा, नाहीतर सोडा धुळीवरच बसतो. साधारण चार बाय सहा फुटांच्या गालिच्याला वाटीभर सोडा पुरतो. पिठाच्या चाळणीतून तो सारखा पसरावा आणि मऊ ब्रशने धाग्यांच्या मुळापर्यंत पोचवावा. आम्लं असतात ती तिथे, टोकांवर नाही. सोडा दुरूनच हवेतून वास ओढून घेतो अशी समजूत आहे, तिच्यात फारसा अर्थ नाही. त्याला त्या आम्लाचा स्पर्श व्हावा लागतो. रात्रभर ठेवावा आणि सकाळी काढावा. कोरडं हवामान असेल तेव्हाच हे करावं, कारण दमट हवेत सोड्याचे गोळे होतात आणि ते निघता निघत नाहीत. व्हॅक्यूम क्लीनरने काढणार असाल तर नंतर त्याची जाळी झटका. ही भुकटी इतकी बारीक असते की तिने जाळी चोंदते आणि मोटर तापते. व्हॅक्यूम नसेल तर गालिचा गच्चीच्या कठड्यावर पालथा टाकून काठीने बडवणं हा जुना मार्ग तितकाच चांगला, फक्त खालच्या मजल्यावरच्या वाळवणाकडे बघून.

आंबूस वासाचा एक भाऊबंद आहे, खवट वास. ज्या गालिच्यावर किंवा जाजमावर कुणी दुपारी डोकं टेकून पडतं तिथे खोबरेल साठतं, तेलाचा हवेशी संयोग होतो आणि ते खवट होतं. यावर सोड्याचं फारसं चालत नाही. तेल ताजं असेल तर मुलतानी माती. ती कोरडी दाबून काही तास ठेवली की स्निग्धता शोषून घेते. लोकरीतलं तेल काढायला अशा मातीचा वापर फार जुना आहे. फिक्या गालिच्यावर मात्र तिचा पिवळसर रंग मागे राहू शकतो. तेल जुनं झालं असेल तर रिठ्याचं पाणी. रिठ्यातलं सॅपोनिन तेल सोडवतं आणि ते साबणाइतकं अल्कधर्मी नसल्यामुळे लोकरीला मानवतं. शाली रिठ्याने धुतात त्या याचसाठी.

लोकरीबद्दल इथे जरा थांबायला हवं, कारण बहुतेक सल्ले गालिचा कशाचा आहे हे विचारतच नाहीत. लोकर म्हणजे प्रथिन, आपल्या केसांसारखंच. तिला किंचित आम्ल पाणी आवडतं आणि अल्क तिला ठिसूळ करतं. कोरडा खायचा सोडा काही तास ठेवून पूर्ण काढला तर बिघडत नाही. सोड्याचं पाणी करून लोकरीवर ओतणं मात्र टाळावं. सुती सतरंजीचं उलटं, तिला सोड्याच्या पाण्याने काही होत नाही. तागाचा गालिचा भिजवूच नये, वाळताना त्यावर तपकिरी डाग उठतात. आणि पॉलिप्रॉपिलीनचा स्वस्त, यंत्रावरचा गालिचा या सगळ्यांत सोशीक. त्याचा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही, कशानेही धुतला तरी चालतो.

आता उग्र वास. लघवीचा, आणि माशांचा. हे अल्कांचं घराणं आहे, म्हणून इथे सोडा टाकणं म्हणजे चुकीच्या घरी औषध पोचवणं. मासळीचा वशट वास ट्रायमिथाइलअमाइनचा. मासा शिळा होऊ लागला की जिवाणू त्याच्या मांसातल्या एका निरुपद्रवी द्रव्यापासून हे अमाइन बनवतात. कोकणातल्या बायकांना यावरचा उतारा रसायनशास्त्र न शिकता ठाऊक आहे. कालवणात आमसूल किंवा चिंच पडते, हात लिंबाने धुतले जातात. आम्लाने अमाइनचा क्षार बनतो आणि तो उडत नाही. बाजारातून आणलेल्या पिशवीचं पाणी गालिच्यावर ठिबकलं, तर तिथेही हेच तत्त्व. फक्त आमसुलाचा डाग पडेल, लिंबाच्या रसातली साखर चिकट होईल आणि हळदीचा हात लागला तर विचारूच नका. म्हणून पांढरं व्हिनेगर. आपल्याकडे किराणा दुकानात जे मिळतं त्यात साधारण 4 टक्के ॲसिटिक आम्ल असतं आणि लेबलावर बहुधा ‘सिंथेटिक’ लिहिलेलं असतं. या कामाला ते उत्तम.

लघवीचं थोडं बारकाव्याने समजून घ्यायला हवं. ताज्या लघवीला उग्र दर्प नसतो आणि ती बहुधा किंचित आम्लच असते. नंतर जिवाणू तिच्यातल्या युरियाचं अमोनियात रूपांतर करतात आणि मग डोळ्यांना झोंबणारा वास सुरू होतो. म्हणजे बाळाने गालिच्यावर शू केली की पहिली दहा-पंधरा मिनिटं सोन्याची. कोरडा पंचा ठेवून त्यावर उभं राहावं आणि जितकं टिपून घेता येईल तितकं घ्यावं. घासू नये, घासल्याने ते खोल जातं आणि पसरतं. मग थोडं साधं पाणी आणि पुन्हा टिपणं. एवढ्याने पुष्कळदा भागतं. डाग शिळा असेल तर एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी फवारणीच्या बाटलीतून मारावं, दहा मिनिटांनी टिपावं आणि पंखा लावून पूर्ण वाळवावं. व्हिनेगरचा स्वतःचा वास वाळल्यावर उडून जातो. आधी मागच्या कोपऱ्यात थेंबभर लावून पांढऱ्या फडक्याने दाबून बघावं, फडक्याला रंग लागला तर तो गालिचा घरी ओला करायचा नाही.

आणखी एक गोष्ट, जी परदेशी सल्ल्यांमध्ये येत नाही कारण त्यांच्याकडे गालिच्याखाली बहुधा लाकूड असतं. आपल्याकडे शहाबादी, कोटा किंवा संगमरवर असतो. हे तिन्ही दगड मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. व्हिनेगर त्यांना खातं, पॉलिश जाऊन पांढरट डाग पडतो आणि तो पुसून निघत नाही. गालिचा उचलून बाल्कनीत किंवा मोरीत नेऊनच हे काम करावं. खाली सिरॅमिक टाइल असेल तर चिंता नाही.

मांजराचं प्रकरण वेगळं. बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचं द्रव्य असतं आणि ते मोडून गंधकयुक्त रेणू तयार होतात. गंधकाच्या या वासावर ना सोडा चालतो ना व्हिनेगर. इथे ऑक्सिडीकरण लागतं. 1993मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातले एक रसायनतज्ज्ञ, पॉल क्रेबॉम, यांनी स्कंक या प्राण्याच्या फवाऱ्यावरचा उपाय प्रसिद्ध केला. स्कंकचा वासही गंधकाचाच. 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, थोडा खायचा सोडा आणि चमचाभर द्रव साबण. सोड्यामुळे द्रावण अल्कधर्मी होतं आणि पेरॉक्साइड गंधकाच्या रेणूला झपाट्याने बिनवासाचं करतं. हे मिश्रण बाटलीत भरून विकता येत नाही, कारण त्यातून सतत ऑक्सिजन सुटतो आणि बंद बाटली फुटते. लागेल तेवढंच बनवायचं, लगेच वापरायचं, उरलेलं ओतून द्यायचं. औषधाच्या दुकानातलं पेरॉक्साइड 6 टक्क्यांचंही असतं, तेव्हा लेबल वाचून पाणी घालावं. रंगीत आणि लोकरी गालिच्याचा रंग त्याने उडतो, तिथे हा प्रयोग नको.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसवण्याची पद्धत फार लोकप्रिय आहे, म्हणून तिच्याबद्दल स्पष्ट लिहितो. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. उरतं पाणी आणि सोडियम ॲसिटेट. आंबूस वासावर चालणारा सोडा आणि उग्र वासावर चालणारं व्हिनेगर, दोघांनी एकमेकांना संपवलेलं असतं. बुडबुड्यांनी थोडी घाण वर येत असेल, पण गालिच्यात क्षार साचतो आणि ओल राहते. दोन्ही वापरायचेच असतील तर एक वापरून, वाळवून, मगच दुसरं.

इथवर जे वास पाहिले ते कुणीतरी सांडलेले होते. पावसाळ्यातला कुबट वास कुणी सांडत नाही, तो गालिच्यात पिकतो. बुरशी आणि तिच्या सोबतचे जिवाणू धाग्यांवरची धूळ, त्वचेचा भुसा, सांडलेलं अन्न खातात आणि वाढताना उडणारी द्रव्यं सोडतात. आळंब्यांसारखा वास असतो तो एका अल्कोहोलचा, मातकट असतो तो जिओस्मिनचा. जिओस्मिनसाठी आपलं नाक कमालीचं तीक्ष्ण आहे. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे दहा भाग असले तरी कळतं. पहिल्या पावसाच्या मृद्‌गंधातही हेच द्रव्य असतं. त्या गंधावर इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1964मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं. आपल्या कनौजमध्ये त्याआधीपासून त्याचं मातीचं अत्तर निघतं. अंगणात ज्याने जीव सुखावतो तेच दिवाणखान्यात नको होतं, आणि नाकाचं तिथे चुकत नाही. घरात तो वास येणं म्हणजे कुठेतरी ओल मुरल्याची खबर आहे.

या वासावर सोडा टाकला तर एक-दोन दिवस फरक जाणवतो. बुरशी मरत नाही, खाली तिचं काम चालूच राहतं. तिला लागतो ओलावा, आणि किती ओलावा हे सांगणारं साधन प्रत्येक घरात आहे. मिठाची बरणी. शुद्ध मिठाला पाणी सुटतं ते हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेल्यावर. बहुतेक घरगुती बुरशांची भरभराटही साधारण त्याच रेषेच्या पलीकडे होते. जुलैत मुंबईची सरासरी आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा मिठाला पाणी सुटलं की गालिच्याकडे बघावं. याच कारणाने गालिच्यावर मीठ भुरभुरवण्याचा सल्ला आपल्या पावसाळ्यात उलटा पडतो. ते मीठ हवेतलं पाणी ओढून गालिच्यातच ठेवतं. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात ते चालेल, पण तेव्हा त्याची गरज नसते.

धागाही पाणी पितो. लोकर तर तिच्या कोरड्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश इतकी वाफ पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. कापूस त्याहून बराच कमी पितो आणि पॉलिएस्टर जेमतेम. हाताला कोरडा लागणारा लोकरी गालिचा म्हणूनच फसवतो. आपल्या घोंगडीचंच घ्या. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, सणगरांनी विणलेली, आणि ताठपणासाठी चिंचोक्याची खळ दिलेली. ती खळ म्हणजे पिष्टमय द्रव्य, ओलावा मिळाला की बुरशीला आणि कसरीला आयतं जेवण. घोंगडी वरचेवर न धुता तिला ऊन दाखवण्याची रीत आहे ती उगीच नाही. धुतली तर खळ जाते, ऊन दिलं तर खळ राहते आणि ओल जाते.

म्हणून कुबट वासावर पहिला उपाय कोरडेपणा, आणि दुसऱ्या क्रमांकावर जे काही असेल ते फार मागे आहे. पावसाने उघडीप दिली की दोन-तीन तासांचं ऊनही वाया घालवू नये. गालिचा पालथा टाकावा, म्हणजे रंग विटत नाही आणि ओल जिथे जास्त असते ती पाठ वाळते. जमिनीवर नव्हे, दोरीवर किंवा दोन खुर्च्यांवर, खालून वारा जायला हवा. उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि उष्णतेने बुरशीची वाढ थांबते, पण तिचे बीजाणू सगळेच मरत नाहीत. म्हणून वाळल्यावर बडवणं, आणि तेही घराबाहेर, तोंडाला रुमाल बांधून. घरात कुणाला दमा असेल तर त्या माणसाने हे काम करूच नये. ऊन नसेल तर गालिचा खुर्चीवर उभा करून पंखा थेट त्यावर सोडावा, किंवा एसी असेल तर ‘ड्राय’वर तीन-चार तास चालवून खोली बंद ठेवावी. गालिचा पाण्याने चिंब झाला असेल तर वेळेची मर्यादा कडक आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला 24 ते 48 तासांत वाळवण्याचा आहे, त्यानंतर बुरशी धरते. आपल्या जुलैत हे जमणार नसेल तर पावसाळाभर गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकणंही चुकीचंच, आतली ओल आतच कोंडते. गुंडाळायचाच असेल तर मेअखेर कडक उन्हात तापवून, पूर्ण थंड करून, जुन्या सुती चादरीत गुंडाळून ठेवावा. प्लॅस्टिकमध्ये नको.

पूर्ण वाळल्यावर उरलेला हलका वास व्हिनेगरच्या पाण्याच्या अगदी विरळ फवाऱ्याने आणि परत वाळवून जातो. कोळशाचाही थोडा उपयोग होतो. लाकडी कोळशाचे तुकडे कापडी पुरचुंडीत बांधून गालिच्याच्या गुंडाळीजवळ ठेवले तर त्याच्या सच्छिद्र पृष्ठभागावर वासाचे रेणू चिकटतात. बाजारातल्या ‘ॲक्टिव्हेटेड’ कोळशात ही ताकद कितीतरी जास्त. चहाच्या चोथ्याचा उपाय इंग्रजांच्या घरांतून आला. इझाबेला बीटन यांच्या 1861च्या गृहव्यवस्थेवरच्या प्रसिद्ध पुस्तकात गालिचा झाडण्याआधी त्यावर चहाची पानं पसरायला सांगितलं आहे. पण त्यांचा मुख्य हेतू धूळ उडू नये हा होता, आणि दमट हवेत ओला चोथा गालिच्यावर नेणं मला धोक्याचं वाटतं. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाचे तुकडे गुंडाळीत ठेवावेत ते कसरीसाठी. वासावर त्यांचा फारसा परिणाम नाही. कापूर वास सुगंधाने झाकतो, घालवत नाही, आणि लहान मुलाने गिळला तर झटके येतात. तो खाली कधीच ठेवू नये.

काही गोष्टी मात्र गालिच्याजवळ आणूच नयेत. टाकणखार खनिज आहे, ‘नैसर्गिक’ आहे, आणि परदेशी नुस्ख्यांत बोरॅक्स म्हणून तो सर्रास सांगितला जातो. जिथे मूल रांगतं आणि हात तोंडात घालतं तिथे त्याची भुकटी ठेवणं मला मान्य नाही. डांबराच्या गोळ्यांमधलं नॅफ्थलीन तर त्याहून वाईट. जी6पीडी हे विकर कमी असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी त्याच्या वाफेनेही फुटतात. आणि व्हिनेगर वापरलेल्या जागी ब्लीच कधीही नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

पुराच्या पाण्यात भिजलेल्या गालिच्याला घरगुती उपाय लागू नाहीत. जुलै 2021मध्ये चिपळूणच्या घरांत शिरलेलं पाणी नदीचं होतं तसंच गटारांचंही होतं. असं पाणी प्यायलेला जाड गालिचा वाचवण्याच्या मागे लागू नये. पातळ सुती सतरंजी गरम पाण्यात, साबणाने, वेगळी धुऊन वाचते.

शेवटचा वास असा आहे की ज्याला सांडणारा कुणी नाही आणि बुरशीही नाही. गालिच्याच्या पाठीचं रबर. भदोही-मिर्झापूरच्या पट्ट्यात हाताने गाठी मारलेले गालिचे होतात, तसेच टफ्टेडही होतात. टफ्टेडमध्ये सूत एका हत्याराने कापडात घुसवतात, मागून लॅटेक्सचा लेप देतात आणि त्यावर आणखी एक कापड चिकटवतात. लेप हलका असेल तर काही वर्षांत त्याची भुकटी पडू लागते आणि जळक्या रबरासारखा वास येतो. यंत्रावरच्या नव्या गालिच्यांचा तो ओळखीचा ‘नवा’ वास मुख्यतः 4-फेनिलसायक्लोहेक्सीनचा, तोही लॅटेक्समधूनच येतो, पण खिडक्या उघड्या ठेवल्या तर काही दिवसांत ओसरतो. कुजणाऱ्या लेपाचा वास ओसरत नाही, कारण तो रोज नव्याने तयार होत असतो. तिथे सोडा, व्हिनेगर, ऊन यांपैकी काहीच कामाला येत नाही, ऊन तर रबर आणखी लवकर तडकवतं. कारागिराकडून पाठ सोलून नवा लेप देता येतो, पण तो खर्च गालिचा मोलाचा असेल तरच करण्यासारखा. म्हणून विकत घेतानाच गालिचा उलटून बघावा. नक्षी आणि गाठी मागून दिसत असतील तर लेप नाही. कापड चिकटवलेलं असेल तर पाठीला नाक लावावं, आणि थंडगार दुकानातही रबराचा वास आला तर तो गालिचा दमट हवेच्या घरात आणू नये. किनारपट्टीवरच्या घराला सगळ्यांत सोयीची दोन्ही बाजूंनी वापरता येणारी विणीची सुती सतरंजी. ती बादलीत मावते, आणि उघडीप मिळाली की दोरीवर एका दिवसात वाळते.